मास्तरांचं सैल काज

टेलर मास्तरांनी शिवलेल्या शर्टाचं बटण एक वेळ तुटेल, पण आपणहून सुटणार नाही, अशी त्यांची ख्याती. गिऱ्हाइकं कुरकुरायची, "मास्तर, काज जरा सैल ठेवा हो, बटणं लावता लावता ऑफिस सुटायची वेळ होते." मास्तर चष्म्यावरून बघत म्हणायचे, "सैल काज आणि सैल जीभ, दोन्ही माणसाला उघडं पाडतात." हे वाक्य त्यांनी जन्मभर इतकं वापरलं, की शेवटी ते त्यांच्याच अंगावर उलटलं.

त्यांची एकुलती एक लेक इलेक्ट्रिशियन. अख्खी गल्ली तिला 'वायरमन' म्हणते आणि तीही ओ देते. कामावर असताना शिडी सरकली, ही पडली, उजवं मनगट मोडलं आणि आतली नस चेंगरली. हाड मुकाट्याने जुळलं, बोटं मात्र रुसली ती रुसलीच. कंपनीने तिची जागा धरून ठेवली होती. पण बोटं चालतात असं तिच्याकडून व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओबाईंनी सांगितल्याशिवाय तिला कुणी शिडीला हात लावू देणार नव्हतं. महिनाअखेरीला तपासणी ठरली होती.

तेव्हापासून मास्तर रोज दुपारी दुकानाला कुलूप लावून लेकीबरोबर दवाखान्यातल्या व्यायामाच्या खोलीत. एक लांब टेबल, भिंतीला आरसा, रबराचे पट्टे, मळायला चिकणमातीसारखा गोळा आणि कोपऱ्यात एक प्लास्टिकची खुर्ची. ती मास्तरांची. तिथे बसून बघायचं. लेक चिमटीत लाकडी खुंटी धरते, खुंटी निसटते, घरंगळत टेबलाच्या कडेला जाते, ती पुन्हा धरते. अंधारातसुद्धा वायरी सोलणारी बोटं ही, आणि आता खुंटी त्यांना जुमानत नाही. खुंटी पडली की मास्तरांचा हात आपोआप पुढे.

"मास्तर, हात," फिजिओबाई मान वर न करता म्हणायच्या.

"मी काही केलं नाही."

"करणार होता. मांडीखाली घ्या."

आणि गल्लीभर दरारा असलेला हा माणूस शिक्षा झालेल्या पोरासारखा स्वतःच्या हातांवर बसायचा.

त्यांचा खरा वैताग वेगळाच होता. फाटलेलं आलं की शिवून द्यायचं, हा त्यांचा व्यवहार. इथे रोज तेच उसवणं आणि वर बाईंचं रोजचं, "छान, हळूहळू येईल." घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "या हळूहळूवर एकदा गरम इस्त्री फिरवली पाहिजे."

"तुम्ही दुकानाचं दिवाळं निघेपर्यंत तिथे बसा," बायको म्हणाली, "तुम्हाला बघूनच तिची बोटं आखडत असतील."

मग बाईंनी घरचा अभ्यास दिला. रोज सकाळी कामावरचा शर्ट घालायचा आणि बटणं स्वतः लावायची. कुणी मदत करायची नाही. आता तो शर्ट शिवलेला कुणी? मास्तरांनीच. पहिल्याच सकाळी वायरमन आरशासमोर घामाघूम झाली. एक बटण काही केल्या जाईना. शेवटी तिने शर्ट ओढून काढला, कोपऱ्यात भिरकावला आणि म्हणाली, "सांग कंपनीला, दुसरी बघा म्हणावं."

मास्तरांनी शर्ट उचलला, झटकला, घडी घातली. ती आंघोळीला गेल्यावर त्यांनी काजाची टोकं उसवली, कात्रीने धागाभर चिरली आणि पुन्हा टाके घातले. दुसऱ्या दिवशी आणखी धागाभर. जन्मात कुणा गिऱ्हाइकासाठी केलं नव्हतं ते.

जादू झाली. बटणं पटापट जाऊ लागली. लेक शीळ घालत न्याहारीला यायला लागली. गोळा मळणं तिला पोरखेळ वाटू लागला, तो डब्यात तसाच पडून सुकला. आणि मास्तर दुकानात आल्या-गेल्याला सांगत सुटले, "बोटं सुटली बरं का."

तपासणीच्या दिवशी फिजिओबाईंनी आपला नवा पांढरा कोट खुर्चीच्या पाठीवर चढवला आणि म्हणाल्या, "याची बटणं लाव."

पहिलंच बटण जाईना. ती हसली, पुन्हा लावायला गेली. मग हसू गेलं. बटण काजाच्या तोंडाशी यायचं आणि बोटं तिथेच ढेपाळायची. मास्तर कुणी न सांगता हातांवर जाऊन बसले.

ती कोटावर वाकली होती, आणि तिच्या स्वतःच्या शर्टाचं बटण आपलं आपण सुटून बाहेर आलं.

तिने खाली पाहिलं. काजात बोट घातलं. सबंध बोट आरपार गेलं.

"बाबा, हे काज आहे की खिडकी?"

"धुऊन धुऊन सैल झालं असेल."

"तुझं काज? धुऊन?"

साऱ्या जन्माची ख्याती त्यांच्याच विरुद्ध साक्षीला उभी होती.

"मला वाटलं, माझी बोटं परत आली," ती म्हणाली. ओरडली असती तर मास्तरांना सोसलं असतं.

फिजिओबाईंनी कोट उचलला. "आणखी एक महिना. कंपनीला मी कळवते. थांबतील की नाही, ते मला सांगता येणार नाही."

घरी आल्यावर मास्तरांनी शर्ट मागून घेतला आणि सगळी काजं पुन्हा होती तशी घट्ट केली. लेकीने सुकलेला गोळा फेकला, नवा आणला, आणि दोन दिवस बापाशी फक्त 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलली.

आता रोज सकाळी ती आरशासमोर आणि मास्तर तिच्याकडे पाठ करून शिलाई मशीनवर. बघायचं नाही, हे तिने बजावलेलं. बटणाची कड काजात शिरते, निसटते. तिचा दात खाल्ल्याचा आवाज आला की मशीन जोरात धावतं.

"बाबा, मशीनमध्ये दोरा नाहीये. आवाजावरून कळतं."

"माहीत आहे."

"मग काय चाललंय?"

"तिथे हातांवर बसायला बाई सांगतात. इथे कोण सांगणार?"

बटण पुन्हा निसटलं. तिने एक सणसणीत शिवी हासडली. ती काजाला होती की काज करणाऱ्याला, हे मास्तरांनी विचारलं नाही. खाली मान घालून त्यांनी पुन्हा मशीनला पाय मारायला सुरुवात केली.