चाळीस दिवसांची भिंत

धंद्यात मी एकदाच कामाला लागणारे खरे दिवस सांगितले. त्याच एका वेळी कोणी विश्वास ठेवला नाही, आणि आमच्या गोरखपूर मोहल्ल्यात आजही बदनामी माझीच चालू आहे. म्हणून हे लिहून टाकतो.

पाणी शिरलेली घरं पुन्हा राहण्याजोगी करणं हा माझा धंदा. लहानपणी मी नदीवरच्या ग्वारीघाटावर नारळ विकायचो. तिथे भाव दुप्पट सांगायचा, गिऱ्हाईक निम्म्याला मागतं, मग दोघं मधे कुठेतरी भेटतात. पुढे सिमेंटची पोती उचलली, गवंड्यांच्या हाताखाली शिकलो, स्वतःची माणसं आणि यंत्रं उभी केली. बोलायची सवय मात्र घाटावरचीच राहिली. कामाचे दिवससुद्धा मी दुप्पट सांगायचो. लोकांना ते माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे मलाही.

त्या पावसाळ्यात नाल्याचं पाणी एका निवृत्त शिक्षिकेच्या घरात शिरलं आणि दोन दिवस गुडघाभर तुंबून राहिलं. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा महिना सरत आलेला. बाळंतिणीची खोली नेमकी तळमजल्यावर. बाळ घरी येण्याआधी ती खोली कोरडी करून द्यायची, एवढंच काम.

गाळ ओला असतानाच धुऊन काढला, कारण वाळल्यावर तो दगड होतो. पाण्याच्या खुणेच्या हातभर वरपर्यंत प्लास्टर फोडून विटा उघड्या केल्या. मग ओल मोजायचं यंत्र काढलं. त्याच्या दोन सुया भिंतीत टोचायच्या. ओल असली तर लाल दिवा लागतो, नसली तर हिरवा. चारही भिंतींना लाल.

"बाई, नुसतं सुकायला चाळीस दिवस लागतील. प्लास्टर, रंग त्यानंतर."

"म्हणजे वीस," बाई म्हणाल्या.

"या वेळी चाळीस म्हणजे चाळीसच."

"अच्छा! मग दर वेळी चाळीस म्हणजे काय असतं, भाऊ?"

लेक आतून हसली. मी चिडलो. बाईंनी ताणून धरलं, "बाळ काय तुमच्या भिंतीसाठी थांबून राहणार आहे? वीस."

"पस्तीस," माझ्या तोंडून गेलं.

तिथेच हुकलं. पाच दिवस सोडले म्हटल्यावर चाळीस खोटेच होते, हे बाईंनी ठरवून टाकलं. शेवटी पंचवीसवर सौदा ठरला. आणि एकदा ठरला की मी फिरत नाही, असं माझं नाव आहे.

खोलीत हवेतली ओल ओढणारं यंत्र लावलं. त्याच्या पोटातली टाकी सकाळ-संध्याकाळ पाण्याने भरून जायची. ते चालू असताना दार-खिडक्या बंद हव्यात, नाहीतर ते बाहेरचा पाऊसच पीत बसतं. हे मी बाईंना चार वेळा सांगितलं. रोज सकाळी येऊन पाहावं तर खिडक्या सताड उघड्या!

"बाई, काहून उघडून राहिल्या खिडक्या?"

"हवा नको का खेळायला? तीस वर्षं शाळेत शिकवलं मी. ओला कपडा कपाटात सुकतो का?"

"मम्मी, भैयाने मना किया था ना," लेक म्हणायची. मराठी तिला सगळी कळते, बोलते हिंदीतच. "उनको काम करने दो."

विसाव्या दिवशी आलो तर खोलीत शेगडी. लेकीच्या शेकशेगडीसाठी आणलेली नवी कोरी शेगडी, निखाऱ्यांनी भरलेली, भिंतीला टेकवून ठेवलेली. बाळंतिणीच्या आधी भिंतीला शेक! बाईंनी माझा हात धरून विटांवर ठेवला.

"बघा. कोरडी ठण्ण. गरमसुद्धा आहे."

"वरून आहे, बाई. पाणी आत जाऊन बसलंय."

"तुमचं यंत्र लावा मग."

लावलं, तर हिरवा दिवा. छोट्या सुया, त्या वरचंच सांगतात. बाईंनी अख्ख्या गल्लीला हाक मारून दिवा दाखवला.

पंचविसाव्या दिवशी मी एकटा असताना भिंतीला भोक पाडून लांब सुया आत घातल्या. लाल. बाहेर बाई कारागिरांना चहा देत म्हणत होत्या, "भाऊ बोलले की बोलले, आज प्लास्टर सुरू." मी यंत्र पिशवीत टाकलं आणि माल कालवायला सांगितला.

बारशाला मला बोलावणं होतं. खोलीत पन्नास बायका, मधे पाळणा, आणि पाळण्यामागे भिंतीला ताटाएवढे फोड. एक पोपडा बाळाच्या पांघरुणावर पडलेला. बाईंनी तो उचलला, सगळ्यांना दिसेल असा धरला.

"भाऊ, हे तुमचं काम."

शेगडी, खिडक्या, वीस दिवसांचा हट्ट, सगळं ओठांवर आलं होतं. लेकच म्हणाली, "मम्मी, शेगडी किसने जलाई थी?" बायका हसल्या. बाईंनी ऐकलंच नाही. आणि मला लांब सुयांचा तो लाल दिवा आठवला, म्हणून मी बाईंच्या हातातून पोपडा घेऊन खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी पाळणा शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर गेला, आणि मी स्वतः छिन्नी घेऊन माझंच प्लास्टर फोडलं.

"किती दिवस?" बाईंनी विचारलं.

मी आकडा दिला नाही. ओल ओढणारं यंत्र पुन्हा लावलं, आणि पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बसवून दिला. "सकाळी बघायचं. आतून थेंब धरले असतील तर मला बोलवायचं नाही. लागोपाठ आठ दिवस कोरडं निघालं की बोलवा."

त्यानंतर गल्लीतून जाताना खिडक्या एकदाही उघड्या दिसल्या नाहीत. रोज सकाळी बाईंचा फोन, जणू हजेरी घेऊन राहिल्या: "थेंब आहेत. येऊ नका."

आठवं कोरडं प्लास्टिक निघालं ते प्लास्टर फोडल्यापासून एकेचाळिसाव्या दिवशी. मी फोनवर मुद्दाम विचारलं, "बाई, किती दिवस झाले मोजा बरं?"

"ते सोडा," बाई म्हणाल्या, "पोराचा पाळणा कधी खाली आणू ते सांगा."

प्लास्टर, रंग झाल्यावर पाळणा खाली आला. ती भिंत आजही हिरवा दिवा देते, लांब सुयांनासुद्धा. आणि बाई गल्लीभर सांगत फिरतात की माणूस चांगला आहे, फक्त त्याच्याकडून काम दोनदा करून घ्यावं लागतं.