तिवड्याला बांधलेलं विमान

मी एकेकाळी विमान बनवलं होतं, हे माझ्या मुलांना माझ्याकडून कळलं नाही. ते त्यांना सुतारमामांनी सांगितलं, आणि सांगताना ते वीतभर उडवलंही. मी तिथंच बसलो होतो. पण त्या विमानाचं खरं दुखणं उडण्याशी नव्हतंच. ते माझ्या थोरल्या बहिणीशी होतं, आणि तिलाही मी कधी सांगितलं नव्हतं.

सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. नगरला आयटीआय करून मी गावी आलो होतो. आमचं गाव घोडेगावच्या अलीकडं. पडवीत बाकडं टाकून मी पंप आणि इंजिनं दुरुस्त करायला बसलो. आक्काचं सासर नेवाशाकडं, मोसंबीच्या बागेचं. दाजींनी पाठीवर घ्यायचा पेट्रोलचा फवारा आणला होता. इंजिन आतला पंखा फिरवायचं, पंख्याचा वारा औषध उडवायचा. त्याची सुरू करायची दोरी तुटली. दाजी तो नगरला नेणार होते, पण आक्का मध्ये पडली. "माझा भाऊ काय उगंच शिकलाय व्हय?" तिची सासू म्हणाली, "बघ बाई. बागेचं काय झालं तर तुलाच इचारीन." फवारा माझ्या बाकड्यावर ठेवताना आक्कानं एवढंच सांगितलं, "फुलोऱ्याच्या आत दे. मी शबूद दिलाय."

दोरीचं काम चहा निवेपर्यंत झालं. तिथंच मी तो परत दिला असता तर लिहायला काही राहिलं नसतं.

पण नगरच्या मैदानावर मी एका लष्करी साहेबाला लहानसं विमान उडवताना पाहिलं होतं. आवाज फटफटीचा आणि आकार घारीचा. तेव्हापासून डोक्यात तेच होतं. आणि आता बाकड्यावर मांडीत मावेल एवढं इंजिन, चालू, आणि फुलोऱ्याला अवकाश.

सुतारमामांना मी म्हणालो, "मामा, विमान करायचंय."

"किती मानसांचं?"

"एकाचंबी न्हाई. खेळण्यातलं."

"मग सोपं हाय. मानूस न्हाई म्हंजे तक्रार न्हाई."

धड पांगाऱ्याचं केलं, कारण तो हलका. पंखांना कळकाच्या काड्या आणि त्यावर माझ्या वडिलांचं जुनं धोतर. धोतर ताठ व्हावं म्हणून त्याला चिंचोक्याची खळ फासली आणि पंख उन्हात वाळत घातले. शेळीनं डावा पंख चाटून मऊ केला. पुन्हा खळ फासली, शेळी पुन्हा आली. शेवटी विमान राखायला आईला बसवावं लागलं.

पुढचं पातं मामा तासणार होते. त्यांनी विचारलं, "इंजान फिरतंय कुनीकडं?"

मी म्हणालो, "मळणीच्या बैलासारखं."

आमच्याकडं एवढं पुरतं. खळ्यात मधोमध रोवलेल्या खांबाभोवती, तिवड्याभोवती, बैल कुठल्या अंगानं फिरतात हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. मामांनी मान डोलावली आणि पातं तासलं, गुळगुळीत, देखणं. फक्त एक झालं. मी इंजिनाकडं दोरीच्या बाजूनं बघत होतो, आणि पातं बसणार होतं पलीकडच्या बाजूला. इकडून बघितलं तर बैल उजवे, तिकडून बघितलं तर डावे. आयटीआयचा कागद खुंटीला टांगलेला होता, आणि हे माझ्या ध्यानात आलं नाही.

सुटं सोडलं तर विमान कुणाच्या उसात जाईल म्हणून आम्ही ते खळ्यात नेलं. खळं सुगीसाठी नुकतंच सारवलेलं होतं. तिवड्याला कासरा बांधला, कासऱ्याचं दुसरं टोक विमानाच्या पंखाला. दोरी ओढली. इंजिन पेटलं, आणि विमान निघालं मागं. शेपूट पुढं, तोंड मागं, बुजलेल्या वासरासारखं.

"चाललं की रं!" मामा ओरडले.

"मामा, मागं चाललंय."

"चालतंय न्हवं?"

पातं काढून उलटं बसवलं. तरी मागंच. पात्याची पाठ फिरवली म्हणून त्याचा पीळ बदलत नाही, हे मला नंतर समजलं. नवं तासायला मामा तयार नव्हते. "मी बैल इचारून तासलंय," ते म्हणाले. "आता पात्याला दोष द्यायचा न्हाई. त्यापरीस विमानाचं तोंड बदलू." आणि खरंच त्यांनी शेपटी उपटून इंजिनाशेजारी ठोकली. आता मागं जाणं म्हणजेच पुढं जाणं झालं.

पण ते उचलेना. नुसतं खळ्यातून गरगरायचं. तेव्हा मी जे करायला नको होतं ते केलं. धूर बाहेर पडायचं भोक कानशीनं मोठं केलं, सायलेन्सरच्या आतली पत्र्याची आडवण काढून फेकली, वरचं पॅकिंग पातळ घातलं. इंजिन आधीपेक्षा कितीतरी जोरात फिरायला लागलं, आवाजच बदलला. आई म्हणाली, "ह्याला काय चावलं?"

त्याच सुमारास घोडेगावचा बैलबाजार करून दाजी दारात उभे. पडवीत विमान.

"पाव्हणं, हे काय?"

माझ्या तोंडातून निघालं, "बुजगावणं."

दाजींनी विमानाभोवती फेरी मारली. "पाखरं भ्यायला पायजेत, मानूस कशाला भ्यावं?" मग म्हणाले, "आमच्या बागंलाबी एक करा. आन् फवारा कुठं हाय?"

"परवा आणून देतो."

"कळ्या फुटल्यात. तुमच्या भैनीनं घरात काय सांगून ठिवलंय, ठावं हाय न्हवं?"

ते वळताच आम्ही विमान खळ्यात नेलं, शेवटचं म्हणून. या वेळी ते सुसाट सुटलं. पण मळणीच्या दाव्याची गाठ सैल ठेवायची असते, तिवड्याभोवती फिरती. मी घट्ट बांधली होती. दर फेऱ्याला कासरा तिवड्याला गुंडाळत गेला आणि विमान आत आत ओढलं गेलं. शेवटी ते तिवड्यावर आपटलं आणि धोतर मामांच्या डोक्यावर आलं. धोतरातूनच ते ओरडले, "वीतभर उचललं! म्या बघितलं!"

इंजिनाला काही झालं नाही. ते मी फवाऱ्यात परत बसवलं, दोरी नवी, वरून रंगाचा हात. द्यायच्या आदल्या संध्याकाळी परसात पाणी भरून चालवून बघितला. समोर शेवगा फुललेला होता. नळी तिकडं वळवली आणि वाऱ्याच्या झोतानं शेवग्यावर एक फूल राहिलं नाही. मी उभा राहून ते बघितलं. शेवगा असाच गळतो, असं स्वतःला सांगितलं. पॅकिंग बदलायला अजून एक दिवस लागला असता, आणि उशीर का झाला हे सांगावं लागलं असतं. सकाळी फवारा पोचवला.

दाजींनी दोन दिवस बाग फवारली. मोसंबीचा फुलोरा झाडाखाली पांढरा सडा होऊन पडला. पंखा जोरात आहे हे दाजींना आवडलंच होतं, त्यामुळे फवाऱ्यावर कुणाचा संशय गेला नाही. सासूनं ठरवलं की सून विटाळशी असताना झाडाखालून गेली. आक्का म्हणाली, न्हाई गेले. कुणी ऐकलं नाही. त्या वर्षी बहार गेला, आणि आक्काला बागेत पाय टाकायची बंदी झाली. पुढं सासू असेपर्यंत ती बांधावर भाकरी ठेवून मागं फिरायची. मी दिवाळीला जायचो, बांधावर तिच्याजवळ उभा राहायचो आणि झाडांची चौकशी करायचो.

फवारा त्याच वर्षी दुरुस्तीला पुन्हा माझ्याकडं आला. मी गुपचूप जाड पॅकिंग घातलं, नवी आडवण बसवली. पुढच्या वर्षी फुलं टिकली. सासू म्हणाली, "बघा, बंदी घातली म्हनून टिकली."

परवा आक्काकडं गेलो होतो. सासू जाऊन बरीच वर्षं झाली, मोसंबी काढून तिथं ऊस आहे. ती अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं, शेळीपासून शेवग्यापर्यंत. तिचे हात एकदाच थांबले, शेवग्याला.

"म्हंजे तुला ठावं हुतं."

"व्हय."

तिनं उसाकडं बघितलं. मग म्हणाली, "आन् ते इमान? उडलं का?"

वीतभर म्हणता आलं असतं. मामा साक्षीला होते.

"न्हाई आक्का. जमीन सोडली न्हाई त्यानं."

तिनं हातातली शेंग माझ्या अंगावर फेकली. "मुडद्या," ती म्हणाली, "माझी बाग घेतलीस, तर उडवायचं तरी हुतंस."