औषधाच्या पेटीतली पोथी

अमेरिकेत लढाई सुरू झाली आणि अकोल्याची माझी शाळा रिकामी झाली. ती लढाई कोणाची कोणाशी होती हे मला तेव्हा नीट ठाऊक नव्हते. एवढेच कळले, की तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला, म्हणून आमचा जाऊ लागला, आणि माझी मुले आईबापांबरोबर वेचणीला गेली. रोज सकाळी मी सतरंजी अंथरायचो, तासभर वाट पाहायचो आणि पुन्हा गुंडाळून ठेवायचो. दिवाळीनंतर तेही सोडले आणि अमरावतीला मावसभावाकडे राहायला गेलो. तिथे कापसाच्या गाठी बांधायच्या एका कारखान्यात मजुरांची पत्रे लिहून देण्याचे काम मिळाले.

त्या दिवसांत अमरावतीत हवेपेक्षा कापूस जास्त होता. गाड्या सकाळी वेशीशी लागत त्या दुपारपर्यंत तिथेच अडकलेल्या. वरणात कापूस, देव्हाऱ्यात कापूस, बोलायला तोंड उघडले की जिभेवर कापूस. आमच्या कारखान्याच्या अंगणात दुमजली घराएवढी गंजी होती. तिच्याशेजारी गाठी दाबायचा मोठा स्क्रू उभा होता. त्याच्या लाकडी दांड्यांना आठ-आठ गडी छाती लावून गोल फिरत, आणि खाली दाबल्या गेलेल्या कापसावर लोखंडी पट्ट्या आवळल्या जात.

कारखान्याच्या गोऱ्या साहेबाने मुंबईहून औषधांची एक पेटी मागवली होती. कोणाला इजा झाली तर लगेच इलाज व्हावा म्हणून. पेटीत कात्री होती, पांढऱ्या पट्ट्या होत्या, ब्रँडीची बाटली, एरंडेल, आणि इलाज कसे करावेत हे सांगणारे छापील मराठी पुस्तक होते. साहेब पेटी मुकादमाच्या ताब्यात देऊन दौऱ्यावर निघून गेला. मुकादम भाविक माणूस. मी येण्याआधीच दसऱ्याला हत्यारांबरोबर त्याने पेटीचीही पूजा केली, पुस्तकाला हळदकुंकू वाहिले आणि लाल फडक्यात बांधून ठेवले. ब्रँडीच्या बाटलीत पुढे गुळाचे पाणी निघाले, त्याबद्दल मात्र त्याने कधी तोंड उघडले नाही.

माघ संपत आला होता. दुपारची वेळ. गाठीवर आवळलेली एक पट्टी कडाडून तुटली आणि सापासारखी उसळून दांड्याशी उभ्या असलेल्या एका गड्याच्या हातावर बसली. तो कारखान्यातला सगळ्यांत थोराड गडी. कोपराच्या खाली बोटभर खोल चिरले होते. तो क्षणभर आपल्या हाताकडे पाहत राहिला आणि शेजारच्याला म्हणाला, "काऊन गा, हे रगत कोनाचं हाय?"

मग तो खाली बसला.

पुढच्या दोन मिनिटांत प्रत्येकाला काही ना काही आठवले. एकजण चुलीतली राख घेऊन धावला, एकाने चुन्याची डबी उघडली, एकाने तोंडातली तंबाखू हातावर काढली, आणि एक म्हातारा कोळ्याचे जाळे शोधायला छपरात चढला. एवढ्यात सरकीच्या कोठ्यातून त्या गड्याची बायको आली. कोणी तिला हाक मारली होती की ओरडा ऐकून आली, कोण जाणे. अंगभर कापूस चिकटलेली, लहानखुरी बाई. तिने राखवाल्याचा हात झटकला, चुनावाल्याला ढकलले, दंडाला बांधलेले फडके सोडून जखमेवर ठेवले आणि त्यावर तळहात रोवून दाबला. नवऱ्याचा हात उचलून आपल्या खांद्यावर घेतला.

"हालू नका," ती नवऱ्याला म्हणाली. एवढेच.

तिथे सगळे संपायला हवे होते. पण मुकादमाला पेटी आठवली.

त्याने पेटी आणली, लाल फडके सोडले, पुस्तक कपाळाला लावले आणि माझ्या हातात दिले. "मास्तर, तुमाले वाचता येते. वाचा."

मी घाईघाईने पाने उलटू लागलो. मुकादमाने माझा हात धरला. "हे काय करून राहिले? पोथी मधातून वाचत असतात काय? पैल्यापासून वाचा."

"अहो, रक्त चाललेय! रक्ताचा धडा पाचवा आहे."

"मंग चार वाचा ना आंदी. किती वेळ लागते?"

लोक भोवती मांडी घालून बसले होते. दोघातिघांनी हातही जोडले होते. मी जखमी गड्याकडे पाहिले. वाटले, हा तरी ओरडेल. तो पांढराफटक पडला होता, पण मान हलवून म्हणाला, "वाचा मास्तर. अर्धवट नका ठेवू. मलेच बाधीन ते." बायकोचे लक्ष जखमेवरच होते. ती दाबत होती.

मी वाचू लागलो. आता सांगायला लाज वाटते, पण वाचू लागलो. पंचवीस माणसे गप्प बसून ऐकत असली की मास्तराच्या अंगात काय येते कोण जाणे. मी अगदी वर्गात वाचतो तसा, शब्द शब्द सुटा करून वाचत होतो.

पहिला धडा बुडालेल्या माणसाचा. मी 'पाण्यातून काढलेल्या मनुष्यास' इथपर्यंत आलो आणि भिस्ती गर्दीतून वाट काढत आला. जखमीला पाणी पाजावे हा त्याचा हेतू. कोणाच्या तरी पायाला अडखळला आणि अख्खी पखाल त्या गड्याच्या तोंडावर रिकामी झाली. गडी गुदमरून खोकू लागला. बाईने भिस्त्याला अशी शिवी दिली की मी पान उलटले.

दुसरा धडा मूर्च्छेचा. तोवर पाण्यात मिसळून रक्त अंगणभर पसरले होते. ते चौकीदाराच्या जोड्यापर्यंत गेले. चौकीदार सहा फुटी, गलमिशांचा, खांद्यावर बंदूक. त्याने खाली पाहिले आणि बंदुकीसकट आडवा झाला. पुस्तकात लिहिले होते की अशा मनुष्यास उताणे निजवावे, पाय किंचित उंच करावेत, अंगावरची वस्त्रे सैल करावीत. लोकांनी पाय इतके उंच केले की तो खांद्यांवर उभा राहिल्यासारखा दिसू लागला, आणि वस्त्रे इतकी सैल केली की शुद्धीवर येताच तो कोठ्याकडे पळाला. पण शुद्धीवर आला, हे खरे.

"पाहा मास्तर," मुकादमाचे डोळे पाणावले होते, "पोथीत गुन हाय."

तिसरा धडा भाजण्याचा होता. तो मी सुरू केला तेव्हा चिलीम ओढत ऐकणारा एक गाडीवान इतका तल्लीन झाला, की चिलमीतला निखारा खाली पडला. खाली कापूस होताच. धूर निघाला, आरडाओरड झाली, आणि गाडीवानाने अनवाणी पायाने तो निखारा चिरडला. मग एका पायावर उड्या मारू लागला. मी ओरडलो, "गार पाणी ओता! पुष्कळ ओता, ओततच राहा!" पाणी मघाशीच सांडून गेले होते. शेवटी बैलांच्या पिण्याच्या टाकीत त्याला पाय बुडवून बसवले. तो तिथूनच म्हणाला, "हं, वाचा."

आता मात्र सगळे सावरून बसले. ज्याचा धडा निघेल तेच घडत होते, हे अडाण्यालाही समजले होते. जाळे शोधायला चढलेला म्हातारा छपरातूनच म्हणाला, "मास्तर, पुढचा धडा कायचा हाय?"

मी पाहिले. सांगू नये असे वाटले, पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"सर्पदंश," मी म्हणालो.

अंगण पाहता पाहता रिकामे झाले. कोणी गाडीच्या धुऱ्यावर चढला, कोणी गाठींच्या थप्पीवर. दोघे स्क्रूच्या दांड्यांना लोंबकळले. टाकीतला गाडीवान पाण्यात खाली पाहू लागला. "वाचू नका बाप्पा!" सगळीकडून आवाज येऊ लागले. "पुस्तक मिटा!"

मुकादम भिंतीवर चढून बसला होता, पण नेम सोडायला तयार नव्हता. "सोडून पुढं जाता येत नाई!"

"मंग तुमी खाली उतरा आन् ऐका!" दांड्याला लोंबकळणारा ओरडला.

यावर भांडण जुंपले. वरच्यावर, हवेतल्या हवेत. जमिनीवर आम्ही तिघेच उरलो होतो. तो गडी, त्याची बायको आणि मी. तिने माझ्याकडे प्रथमच पाहिले. तिच्या बोटांपासून कोपरापर्यंत रक्त वाळले होते. नवे रक्त येत नव्हते.

"मास्तर," ती हळू म्हणाली, "तुमाले तरी काई समजते का नाई?"

माझी कानशिले तापली. मी दोन पाने एकदम उलटली आणि मोठ्याने वाचले: "जखमेवर स्वच्छ वस्त्र ठेवून तळहाताने घट्ट दाबून धरावे. दाब काढून वारंवार पाहू नये. वस्त्र भिजल्यास तेच ठेवून वर दुसरे ठेवावे. हात उंच करावा."

ती म्हणाली, "मंग मी हे काय करून राहिली?"

आता वर पट्टी बांधायची होती. पेटीत पट्ट्या नव्हत्या. मुकादमाने त्या दिवाळीत बैलांच्या शिंगांना बांधल्या होत्या, हे त्याने भिंतीवरूनच कबूल केले. अंगणात गंजीच्या गंजी कापूस, आणि हातावर बांधायला वीतभर धड कापड नाही. सगळ्यांच्या अंगावरची धोतरे धुळीने काळी. स्वच्छ काय होते, तर माझे पागोटे. आदल्याच दिवशी धुतलेले. चारचौघांत बोडक्या डोक्याने उभे राहायचा प्रसंग माझ्यावर तोवर आला नव्हता. मी ते काढले. तिने तळहात न उचलता मला सांगितले तसा मी ते गुंडाळत गेलो, वेढे घट्ट झाल्यावर तिने तळहात सरकवून काढला आणि शेवटची गाठ दातांनी ओढली.

सरकारी दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला. एवढ्या गाड्यांच्या गर्दीत आमची गाडी पुढे जाईना, म्हणून त्याला खाटेवर घालून आठ जणांनी नेले. वाटेत लोक बाजूला होत होते, काही पायाही पडत होते. त्यांना ती प्रेतयात्रा वाटली. खाटेवरचा गडी सारखा मान वर करून सांगत होता, "जिता हावो बाप्पा, जिता हावो." दवाखान्यातल्या डॉक्टराने पागोटे सोडून पाहिले, टाके घातले आणि म्हणाला, ज्याने दाबून धरले त्याने जीव वाचवला. मुकादम पुढे झाला आणि पोथीविषयी सांगू लागला. डॉक्टराने त्याला बाहेर बसवले.

हात बरा झाला. दोन बोटांतली जाण मात्र गेली, त्यामुळे दांड्याचे काम त्याला पुन्हा जमले नाही. तो गाड्या हाकू लागला आणि त्यातच खूश होता. पुढे अमेरिकेतली लढाई थांबली, कापसाची धावपळ ओसरली आणि मीही अकोल्याला परतलो. मुले वेचणीहून परत आली होती, कित्येक तर माझ्याएवढी उंच होऊन.

निघण्याआधी मी त्या दोघांच्या घरी गेलो होतो. तो गाडी घेऊन बडनेऱ्याकडे गेला होता. ती दारात ज्वारी पाखडत होती. मी समोर टेकलो आणि म्हणालो, "बाई, मी पुस्तक वाचले, पण किती जोराने दाबायचे ते त्यात लिहिलेले नाही. मला मुलांना शिकवायचेय."

तिने सूप बाजूला ठेवले, हात पुसले आणि माझे मनगट धरले. मी ओरडेपर्यंत तिने दाब वाढवत नेला. मग सोडले नाही. तसेच धरून ठेवले.

"एवढं," ती म्हणाली. "आन् हे इतका वेळ."

आणि ती अंगणाकडे पाहत तशीच बसून राहिली. मला उठता येईना.