उवा कुणी आणल्या?

सून कंपनीत असते, म्हणून नातीच्या वर्गाच्या ग्रुपवर मी आहे. आज दुपारी तिथे एका आईने विचारलं, "वर्गात उवा कुणी आणल्या?" लगेच एका मुलीचं नाव पुढे आलं.

मला हौसा आठवली. पन्नासच्या दशकात आम्ही दोघी चिंचवडच्या शाळेत एकाच बस्करावर बसायचो, एकाच फणीने विंचरायचो. उवा तर वर्गात सगळ्यांच्याच डोक्यात होत्या. पण हौसाच्या आईने वैतागून तिचं डोकंच भादरलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात कुणीतरी ओरडलं, "बोडकी आली!" केस काढलेल्या विधवेला हिणवायचा शब्द, आठ वर्षांच्या पोरीला. सगळ्या हसल्या. मीही हसले.

"तू बी व्हय गं?" एवढंच ती म्हणाली. परत शाळेत आलीच नाही.

माझ्या वेणीतल्या उवा मात्र कुणाला दिसल्या नाहीत.

आज नातीला पुढ्यात बसवून तिचं डोकं बघितलं. उवा निघाल्या. ग्रुपवर लिहिलं, "आमच्याही घरात आहेत."

दुसऱ्याच्या लेकीचं नाव घ्यायच्या आधी तुम्ही आपल्या लेकीचं डोकं बघता का?