फौजदाराची छडी

छडीच्या टोकानं साहेबानं माझ्या तोंडावरची चादर उचलली. मी मेलेली होते. नाटकात. गिरणीच्या कँटीनमागं शेडात तालीम चालली होती.

नाटकात एका शेटच्या घरात मोलकरीण मरती. चौकशीला फौजदार येतो. घरातलं कुणीच मढ्याला शिवत न्हाय. तवा फौजदार गुडघ्यावर बसतो, आपल्या हातानं तिचं डोळं मिटवतो आन् म्हणतो, "जिवंतपणी हिला माणूस म्हणून कुणी शिवलं नाही. खुनी इथंच उभे आहेत." नाटक लिवलं साहेबानं. फौजदार बी तोच. आमच्या गिरणीचा लेबर ऑफिसर. ते वाक्य म्हणताना त्याचा गळा असा दाटून यायचा की बघणाऱ्या बाया पदर डोळ्याला लावायच्या.

मढं व्हायला कुणी तयार न्हवतं. जित्या माणसानं मढं होऊन निजणं वंगाळ. साहेबाची बायको नको म्हणली, क्लार्कांच्या पोरी नको म्हणल्या. मग झाडूखात्यातली बदली कामगार, महाराची पोर, मी. आमाला कुटला आलाय अपशकुन! नाटक झालं की तुला नोकरीत कायम करतो, म्हणला साहेब. आई त्या शब्दावर आस लावून बसली.

छडी साहेबाच्या बापाची, चांदीच्या टोकाची. त्याच टोकानं त्यानं माझी पापणी खाली लोटली. टोक डोळ्यात गेलं. मी सातवी झालेली, नाटकाची वही वाचलेली. म्हणलं, साहेब, हितं हात लिवलाय की. सगळे हसले. तो हसला न्हाय.

"प्रेतानं बोलायचं नसतं."

मग नळावर जाऊन त्यानं छडीचं टोक धुतलं. माझ्यादेखत.

त्या दिवसापासनं झाडू मारता मारता मी त्याचं वाक्य घोकलं. रोज.

गणपतीत खेळ झाला. म्होरं खुर्च्यांवर मालक आन् हापिसरांच्या बाया, मागं जमिनीवर सगळ्या खात्यांतले कामगार. साहेब वाकला. छडी आली. मी ती घट्ट धरली आन् उठून बसले. खुर्च्यांवरच्या बाया किंचाळल्या. मी त्याचंच वाक्य त्याच्या तोंडावर म्हणलं, सगळं, एक शब्द न गाळता. मग माझं म्हणलं.

"साहेब, तुमी हात लावल्याबिगर हे मढं मरायचं न्हाय."

मागनं कामगार वरडाया लागले, हात लावा, हात लावा. त्यानं मालकाकडं बघितलं. मालक खाली बघत होता. शेवटी त्यानं दोन बोटं माझ्या डोळ्यावर ठेवली. लगीच काढून घेतली. खरं सांगते, मला लई गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी मला गेटावरनंच परत लावलं. आईची आस तिथंच मोडली. व्हय, तिच्यासाठी वाईट वाटलं. त्याच्यासाठी न्हाय.

छडी माझ्याकडंच ऱ्हायली. साहेबानं दोनदा शिपाई धाडला, बापाची आठवण हाय म्हणून. मी दिली न्हाय. चार वर्सं झाली, दाराच्या मागं उभी हाय. शिपायाला सांगून ठिवलंय, त्यालाच यायला सांग. माझ्या हातातनं घ्यावी लागंल. आन् घेतल्यावर त्यो ती कुटं धुतो, ते बघाया मी त्याच्या मागं नळापातूर जानार हाय.