पहिल्या कटिंगचा तिसरा सल्ला

तुरुंगातून सुटलेल्या माणसाने आधी आईला भेटायचं आणि मग लव्हेल टॉलिव्हरच्या खुर्चीत येऊन बसायचं, हा आमच्या गावचा रिवाज. पहिली कटिंग फुकट. मिसिसिपीतल्या आमच्या गावात दुसरं काही फुकट मिळत नाही, ते जाऊ द्या. मानेवरून वस्तरा फिरवता फिरवता लव्हेल तीन सल्ले द्यायचा. पॅरोलच्या साहेबाकडची हजेरी चुकवू नकोस. बंदुकीला हात लावू नकोस. आणि मतदानाच्या दिवशी त्या रांगेकडे फिरकूसुद्धा नकोस. "मत गेलं आपलं. उगाच शहाणपणा करशील तर परत आत टाकतील."

कोणी हुज्जत घालत नसे. लव्हेल स्वतः तीन वर्षं कैद्यांच्या शेतावर राबून आलेला. तो आणि त्याचा दोस्त हर्शेल, दोघांनी मिळून एका बंद दुकानाचं मागचं दार फोडलं होतं. हाती लागले सिगारेटचे चार खोके आणि दारात उभे पोलीस. मत गेलं, असं त्याला ना न्यायाधीशाने सांगितलं, ना वकिलाने. बराकीत सगळे म्हणायचे. सगळेच म्हणतात म्हटल्यावर विचारणार तरी कोणाला!

बहात्तराव्या वर्षी लव्हेल थकला. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, दिवसभर उभं राहून पोटऱ्या सुजायच्या, दुपारनंतर तो गिऱ्हाइकाच्याच खुर्चीत डुलक्या काढायचा. एकच गोष्ट मनात राहिली होती: मरण्याआधी एकदा मत द्यायचं. कोणीतरी सांगितलं, आमदाराने तुझ्या नावाचं विधेयक मांडायचं, दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं पडली की मत परत मिळतं. एका न्हाव्यासाठी केवढा हा खटाटोप! तरी जुन्या शिक्षेच्या कागदाची नक्कल काढायला तो कोर्टात गेला. जिना चढताना दोनदा टेकला.

खिडकीतल्या बाईने कागद वाचला, चष्मा वर केला आणि पुन्हा वाचला.

"मिस्टर टॉलिव्हर, ही तर घरफोडी आहे."

"हो बाई. केली होती. नाही कुठे म्हणतोय?"

"अहो, तसं नव्हे. ज्या गुन्ह्यांनी मत जातं, त्यांच्या यादीत घरफोडी नाहीच. चोरीने मत जातं, खोट्या चेकने जातं, घरफोडीने जात नाही. तुमचं मत कधी गेलंच नव्हतं. आत होतात तेव्हासुद्धा टपालाने देता आलं असतं."

लव्हेलने खिडकीची कड धरली. त्याला हसू आलं नाही की रडू. नुसता थकवा आला.

"चव्वेचाळीस वर्षं," तो म्हणाला.

"कोणी सांगितलं नाही तुम्हाला?"

"सांगायचं काम माझ्याकडेच होतं, बाई."

नोंदणीचा अर्ज त्याने तिथेच भरला. खूश व्हायला हवं होतं, पण डोळ्यांसमोर डोकी येत होती. कुरळी, टकली, पिकलेली. सगळी त्याच्या हाताखालून गेलेली.

पुढचे पंधरा दिवस तो दारोदार हिंडला. "तुझ्या कागदावर गुन्हा कोणता लिहिलाय? जाऊन बघ." कोणाचा यादीतला निघाला, कोणाचा नाही. कोणी पाठ थोपटली. टायरी बँक्सने मात्र टोपी भिरकावली. "अरे म्हाताऱ्या, वीस वर्षं मी बायकोला मतदानाला सोडून बाहेर गाडीत बसतोय! तुझ्यामुळे!" लव्हेलने टोपी उचलून झटकली आणि त्याच्या हातात दिली.

सगळ्यांत शेवटी उरली ती हर्शेलची बायको, मिस ओडेसा. हर्शेल मागच्या वसंतात गेला होता. दोघांची शिक्षा एकाच कागदावर होती, म्हणजे मतही दोघांचं शाबूत. सोळा वर्षांपूर्वी, आमच्यातला काळा माणूस पहिल्यांदा राष्ट्राध्यक्ष व्हायचा होता त्या नोव्हेंबरात, सगळी गल्ली नटूनथटून रांगेला निघाली, तेव्हा हर्शेल निळा सूट घालून दुकानात आला होता. "जातो मी, लव्हेल. होईल ते होईल." लव्हेलने त्याला दंडाला धरून खुर्चीत बसवलं होतं. मतदान संपेपर्यंत उठू दिलं नव्हतं.

मिस ओडेसाने त्याला ओट्यावर बसवलं, गोड गार चहा दिला. लव्हेलने घसा खाकरला.

"मिस ओडेसा, हर्शेलच्या मताचं बोलायचं होतं."

"बाई गं, त्या दिवसाचं म्हणतोस?" तिचा चेहरा उजळला. "तुरुंगातनं आलेला माणूस, त्याला देऊ देतील का, म्हणून मी दिवसभर दारातच उभी! संध्याकाळी आला आणि म्हणाला, 'देऊन आलो, ओडेसा.' काय ताठ बसला होता जेवायला! त्याच सुटात पुरला मी त्याला. दुसरा शोभलाच नसता."

लव्हेलच्या हातातला पेला तसाच राहिला.

"तू बरोबर होतास ना रे त्याच्या?"

"होतो. दिवसभर."

"मग? काय सांगत होतास?"

"काही नाही, मिस ओडेसा," लव्हेल म्हणाला. "रांग फार लांब होती त्या दिवशी. अजून पाय दुखतात."