तिने आखलेले डोळे

ती गेली तेव्हा माझे पाय मातीत होते. आषाढातली सकाळ, शाडू भिजवलेला, आणि मी पडवीत तो तुडवत होतो. शेजारची ठकी विहिरीकडून आली आणि लांबूनच म्हणाली, "नाना, पाय धुवा आणि या." नुसतं 'या' म्हणाली असती तर मी तसाच धावलो असतो. पाय धुवा म्हणाली, तेव्हाच कळलं की घाई करण्यासारखं आता काही उरलेलं नाही… मी पाय धुतले. बोटांच्या बेचक्यासुद्धा धुतल्या. मग गेलो. विहिरीच्या कठड्याला टेकून आमची यशोदा बसली होती, भरलेली कळशी शेजारी.

महिना होऊन गेला. इथल्या साप्ताहिकाचे संपादक समाचाराला आले होते, म्हणाले वहिनींवर थोडं लिहा. माझं शिक्षण मराठी तिसरीपर्यंतचं, गोड लिहिता येत नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये म्हणतात. तिचं वाईट काही नाहीच, जे आहे ते माझं आहे. तेच लिहितो.

आमचं घर चौलातलं, गणपती करणारं. माती मळणं, साचे भरणं, अंगाला रंग देणं, हे घरातल्या बायकाही करतात. डोळे मात्र घरातला कर्ता पुरुष आखतो. डोळे आखले की मातीचा देव होतो, असं आम्ही मानतो, म्हणून त्या कामाला मान. वीस वर्षांचा होतो तेव्हापासून तो मान माझा. एन्फ्लुएंझाची साथ येऊन गेली त्याला तीन-चार वर्षं झाली असतील, त्या साली चतुर्थीच्या तोंडावर मी तापाने आडवा झालो. अकरा मूर्ती बिनडोळ्यांच्या उभ्या. तिने कुंचला उचलला. मी गोधडीतून नको नको म्हणत होतो, पण तोंडातून आवाज निघत नव्हता. अकरा मूर्ती आखून तिने लोकांना दिल्या आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी एक मूर्ती परत आली. मिठागरात काम करणारा हरी म्हात्रे ती डोक्यावर घेऊन चढ चढून आला. आलेला गणपती कोणी परत करत नाही, तो अपशकुन. पण हरी तोंडाचा फटकळ.

"नाना, ह्यो देव आमच्याकडं बघतच न्हाय. पेटाऱ्यावर चौरंग मांडून बसवला. आई खाली बसून हात जोडतेय, आन् ह्यो बघतोय समोरच्या भिंतीकडं!"

मी काही बोलायच्या आत ती पुढे झाली. "डोळे मी आखलेत, भाऊजी. चूक माझी. थांबा, नीट करून देते."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. ताप असून बरं वाटलं. वाटलं, आता रडेल आणि कुंचला ठेवून देईल. तिने हरीला पाणी दिलं, गूळ दिला आणि मूर्ती उचलून तांदळाच्या पेटीवर ठेवली. मग आपण खाली जमिनीवर बसून वर बघत राहिली, बराच वेळ. ओल्या फडक्याने डोळे पुसले. उभी राहून एक रेघ ओढायची, पुन्हा खाली बसून बघायचं, पुन्हा उठायचं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मूर्ती पुढ्यात खाली घेऊन डोळे आखत आलो, तिनेही त्या अकरा तशाच आखल्या होत्या.

मी ओरडलो, "असं कोणी आखतं का? माझा जन्म गेला यात!"

"तुम्ही देवाकडं वरून बघता," ती मान न वळवता म्हणाली. "लोक खालून बघतात."

हरी खो खो हसला. ते हसू मला अजून ऐकू येतं. बाकीच्या दहाही घरी ती त्याच दुपारी गेली, स्वतः विचारत, तुमचा देव बघतो का? तिघांनी नाही म्हटलं. तिघांचे तिने जागेवर नीट केले.

पुढल्या वर्षापासून डोळे तीच आखायची, मागच्या खोलीत, दार लावून. दार मी लावायचो. लोकांना सांगायचो, हात माझाच आहे. लोक मूर्तीपुढून हलत नसत. "नाना, काय नजर आहे!" म्हणत. मी मान डोलवायचो आणि आत जाऊन तिच्यावर कशावरून तरी खेकसायचो, भात मऊ झाला, दिव्यात तेल कमी आहे… ती कधी उलटून बोलली नाही. त्याचाही मला रागच यायचा.

मग एका वर्षी तिची आई शेवटच्या दुखण्यात पडली आणि ती श्रावणातच श्रीवर्धनला गेली. त्या साली सगळे डोळे मी आखले. तिची रीत मला पाठ होती, पण वापरली नाही. का? तिची होती म्हणून. मूर्ती पुढ्यात खाली घेतली आणि बापासारखी आखली. एकही परत आली नाही. ती दाराशी आल्याबरोबर मी पहिलं हेच सांगितलं. तिची आई गेली होती, तिचे डोळे सुजलेले, आणि मी सांगतोय, "बघ, एकही परत आली नाही!" ती म्हणाली, "बरं झालं."

आमच्याकडे घरोघरचे लोक नागपंचमीच्या सुमारास आपापला पाट आणून देतात, त्यावर त्यांची मूर्ती बसवायची असते. परवा हरी पाट घेऊन आला. त्याचे केस आता पांढरे झालेत. बसला, तिच्याबद्दल बोलला. मी म्हटलं, "हरी, एक सांगतो. इतकी वर्षं डोळे माझे नव्हते, तिचे होते."

"ठाऊक हाय की, नाना. सगळ्या गावाला ठाऊक हाय."

"कसं?"

"वैनी श्रीवर्धनला गेल्या व्हत्या ना, त्या साली देव परत भिंतीकडंच बघत व्हता. घरोघर तेच. मी उचलला व्हता परत आणायला. आई म्हणाली, ठेव खाली. यशोदेला सांगितलं तर ती नीट करील. नान्याला सांगशील तर त्यो मोडून पडंल."

सगळं गाव दीड दिवस भिंतीकडे बघणाऱ्या देवाची पूजा करत राहिलं, मला कळू नये म्हणून. आणि मी पडवीत छाती काढून बसलेलो!

तिच्या हाताचा हेवा केला, तिच्या नजरेचा केला. पण आता तिची राख झाल्यावर जो हेवा वाटतोय तो निराळाच आहे. तिला लोकांनी तोंडावर चूक सांगितली. मला कोणी तेवढंही मानलं नाही.

मी हरीला म्हटलं, "यंदा मीच आखणार. नाही बघितलं तर आणशील परत?"

त्याने पाट भिंतीला टेकवून ठेवला. "आणीन. पन मग तुम्ही खाली बसाल का?"

गुडघे माझे गेलेत, खाली बसलो तर उठवायला कोणी लागतं. तो गेल्यावर एक जुनी मूर्ती तांदळाच्या पेटीवर ठेवली आणि भिंतीला धरत धरत जमिनीवर बसलो. ती बसायची तिथली सारवलेली जमीन थोडी खोलगट झाली आहे… मी तिच्यात मावतो.